डावी चौकट

पहाटे साडेपाचला बोफर्टच्या धक्क्यावर
डेल्मस हवेच्या टाक्या बोटीत चढवतो,
झोपलेलं मूल गाडीतून उचलावं तसा, एकेक.
कॉफी पातळ, डिझेलचा वास दाट,
आणि आम्ही सहा जण
काल सांगितलेली नावं विसरून
एकमेकांच्या पट्ट्या तपासतोय.

टॅमसन गॅस्किल, कॅप्टन,
वाणसामानाची यादी वाचावी तशा सूचना देते:
नव्वद फूट. प्रवाह दक्षिणेकडून.
शार्क असतील, दात बाहेर आलेले; त्यांना तुमच्यात रस नाही.
काटा हजारावर आला की दोर गाठायचा.
खालचं काही वर आणायचं नाही.
मग सुकाणूकडे वळता वळता,
"केबिनच्या दाराची डावी चौकट कुणी पाहिली
तर किती राहिलेत तेवढं सांगा."
किती काय, ते ती सांगत नाही.

अडीच तास समुद्र.
एक पोरगा ओकला, वाऱ्याकडे तोंड करून.
डेल्मसनं बादलीभर पाणी ओतलं
आणि त्याच्याकडे बघितलं नाही,
ही त्याची माया.

उडी.
आधी काही नाही.
मग तेच काही नाही, जरा गडद.
मग मिस ओलेटा,
कोळंबीची जुनी बोट,
डेकवर वाळू चढलेली, डोलकाठीला चंदेरी मासे लटकलेले
कुणी विसरून गेलेल्या धुण्यासारखे.
केबिनमध्ये एक जाडा ग्रूपर
भाडं थकलेल्या माणसाच्या नजरेनं माझ्याकडे बघत राहिला.

मी रॅलेमध्ये घरं रंगवतो.
चौकट दिसली की हात आपोआप उभा फिरतो.
हातमोजा काढला.
स्पंज, शिंपल्यांच्या कडा, बोटाला चीर,
रक्त तिथं हिरवं दिसतं,
आणि खाली, लोखंडाला घट्ट,
मसुराएवढा वेल्डिंगचा थेंब.
तीन बोटं खाली आणखी एक.
चार बोटं खाली आणखी.
पाच मोजले. मग माझ्या कमरेपर्यंत आलेली वाळू.

दर दोन-चार घरांत कुणीतरी धावत येतं,
ब्रश धरतं माझा: इथं नको, इथं रंग नको.
पेन्सिलच्या रेघा, तारखा, एक पुसट नाव.
म्हणजे हे ते होतं.
मी हातानं वाळू उपसली, ओंजळभर.
ती लगेच परत आली, काही झालंच नाही अशी.
काटा नऊशेवर.

पंधरा फुटांवर तीन मिनिटं दोराला धरून थांबायचं असतं,
रक्तातले बुडबुडे शांत व्हावेत म्हणून.
तिथं मी काय बोलायचं ते ठरवत होतो.
शिडीवर तिनंच फिन्स ओढून काढल्या.
"पाच," मी म्हणालो.

तिनं हात चिंधीला पुसले.
"मागल्या मोसमात सहा होते.
म्हणजे सहा वर्षांची गेले मी."
मग जरा वेळानं, इंजिनाशी बोलावं तशी:
"बाबा खडूनं खूण करायचे
आणि मला बाहेर पिटाळायचे. मग ठिणग्या."

परतताना डेल्मसनं उरलेलं सांगितलं.
कोळंबीचा भाव डिझेलच्याही खाली गेला त्या साली
कागदावर सही तिचीच होती.
इंजिन काढलं, तेल पुसलं, तळाला भोकं पाडली,
माशांना घर झालं.
तिच्या कानाचा पडदा लहानपणीच फाटलेला,
दहा फुटांखाली ती कधी गेली नाही.
"वादळानं वाळू हटते कधी कधी," तो म्हणाला.
"एका सप्टेंबरात आठही वर आले होते.
त्या दिवशी तिनं कुणाकडून पैसे घेतले नाहीत."

लॉगबुकात तिनं लिहिलं:
पाणी अठ्ठ्याहत्तर अंश. साठ फुटांपर्यंत स्वच्छ. पाच.

सोमवारी एका रिकाम्या घरात
चौकट घासताना बोटाची चीर ठणकली.
लाकडावर काही नव्हतं.
तरी मी मालकाला फोन लावला
आणि विचारून घेतलं.